चाळीतले दोन खण

आबांच्या मते जमीन उपाशी होती आणि त्यांच्या मुलाच्या मते आबा हट्टी होते. दोघांचंही थोडंथोडं खरं होतं, पण ते कबूल करायला दोघंही तयार नव्हते. म्हणून त्या वर्षी कांद्याच्या शेताचे मधोमध दोन भाग झाले.

कारण आदल्या वर्षीचं होतं. घरामागे कांदा साठवायची चाळ होती, लांबट, फटीफटींच्या भिंतींची, वारा आरपार जाईल अशी. आदल्या वर्षी तिच्यातला निम्मा कांदा सडून फटींतून गळायला लागला. तो बाहेर काढताना घरातल्या तिघांच्या हातांना असा वास लागला की आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. आबा म्हणाले, पोत्यातल्या रासायनिक खताने कांदा फुगतो पण टिकत नाही. मुलगा म्हणाला, तुमचं शेणखत अर्धकच्चं, त्यातून तण येतं, किडा येतो, सगळी घाण तिथूनच. त्या वर्षी शेतात दोन्ही खतं पडली होती, त्यामुळे दोघांनाही दुसऱ्याकडे बोट दाखवायची पूर्ण सोय होती.

मग ठरलं, की आबांच्या अर्ध्यात फक्त शेणखत, मुलाच्या अर्ध्यात फक्त पोत्यातलं. चाळीतही दोन खण वेगळे. ज्याचा कांदा आधी सडेल तो हरला. पोतं हरलं तर पुढच्या वर्षी पोतं शेतात येणार नाही. शेणखत हरलं तर उकिरडा बुजवायचा आणि बाईसाहेबांना विकायचं.

बाईसाहेब म्हणजे म्हैस. ती आटून दोन वर्षं झाली होती. दुभत्या जनावराच्या लाथा गोड लागतात म्हणतात, पण ही दूध न देता लाथा मारायची आणि वर वैरण निवडून खायची. तिच्याकडून घराला मिळायचं ते फक्त शेण. आबांची बायको गेली तेव्हा ही म्हैस पारडू होती, आणि जाण्याआधी बायकोनेच तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. ही गोष्ट आबा कधी बोलून दाखवत नसत. ते फक्त रोज सकाळी म्हशीची पाठ खरारत, आणि खरारून झाल्यावरही थोडा वेळ तिथेच उभे राहत.

मुलगा आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला पंपवालाच म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट नट पिळून सुटेल असं वाटायचं.

या भांडणात सुनेचं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, कारण तिला पोतं जिंकायला हवं होतं.

उकिरड्यात उतरायचं, खत पाटीत भरायचं, पाटी गुडघ्यावर घ्यायची, तिथून डोक्यावर, मग शेतापर्यंत चालत जायचं. आबांचा अर्धा भाग मागच्या बाजूला होता आणि तिथे जायला वीतभर रुंदीचा बांध. बांधावर कांदा येत नाही, म्हणून आबांनी तो वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी कोरून एवढा बारीक केला होता की त्यावरून जाताना तिला दोरीवर चालणाऱ्या डोंबारणीसारखं वाटायचं. पाय घसरून वाफ्यात पडला की आबा लांबूनच ओरडायचे, वाफा सांभाळ म्हणून. खत टाकायचे दिवस संपले की तिची कंबर धरायची. खाली बसलं की भिंतीला हात लावल्याशिवाय उठता यायचं नाही. नवरा तेल लावून द्यायचा आणि लावता लावता म्हणायचा, हे शेणाचं खूळ एकदाचं गेलं पाहिजे. त्याचं पोत्यातलं खत मात्र त्याने स्वतः बनवलेल्या हातगाड्यावरून यायचं, जुन्या स्कूटरची दोन चाकं लावलेल्या. शेताच्या कडेला गाडा उभा करायचा, बादलीत खत घ्यायचं आणि शीळ वाजवत फेकायचं. एका सकाळचं काम.

लागवड झाली. पंपवाल्याची रोपं बघता बघता उभी राहिली, गर्द हिरवी. आबांची रोपं आस्ते आस्ते, एखाद्या पाहुण्याला जेवायला बसायचा आग्रह करावा लागतो तशी. तणही त्यांच्याकडेच जास्त. खुरपायला अर्थातच सून. पण खुरपताना तिला एक गोष्ट जाणवायची. आबांच्या वाफ्यात खुरपं अलगद आत जायचं आणि माती मुठीत ओलसर राहायची. नवऱ्याच्या वाफ्याला पाणी दिलं की वर पापडी धरायची आणि खुरपं आपटावं लागायचं. ती हे कुणाला बोलली नाही. जेवताना बापलेकात आधीच छत्तीसचा आकडा, त्यात आपण कशाला तेल ओता, असा तिचा विचार होता.

कांदा पोसायला लागला आणि आबा तापाने आडवे झाले.

साधासुधा ताप नव्हता. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. आबांचे गाल आत गेले, हातावरची कातडी सैल पडली, आणि ज्या माणसाचा आवाज तीन शेतांपलीकडे जायचा त्याला पाणी मागायलाही दम लागायला लागला. सून संध्याकाळी शेतातून आली की ते एकच विचारायचे, रंग कसा आहे. पहिल्या दिवशी ती हिरवागार आहे असं म्हणाली, कारण त्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेना. खरं तर आबांचं पीक पिवळट पडलं होतं. थंडी होती, शेणखत मातीत मुरायला वेळ घेत होतं, आणि शेजारचं गर्द हिरवं शेत बघून ते अजूनच पिवळं दिसत होतं. पण एकदा हिरवं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पिवळं कसं म्हणणार? ती रोज हिरवं म्हणत राहिली. आबा रोज ते ऐकून डोळे मिटायचे आणि त्यांना बरी झोप लागायची.

एका संध्याकाळी ते उठून बसले. म्हणाले, आता बरं वाटतंय, आठवड्यात येतो बघायला.

सुनेने मनात दिवस मोजले. तापातून उठलेल्या माणसाला आपण इतके दिवस खोटं सांगितलं हे ते पिवळे वाफे बघून त्याला कळणार होतं. दुसऱ्या दिवशी नवरा पंपाच्या कामाला गेल्यावर तिने कोपऱ्यातलं युरियाचं उरलेलं पोतं उघडलं, शेणाच्याच पाटीत ओतलं आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या वीतभर बांधावरून गेली. बांधाला लागून असलेल्या वाफ्यांत तिने तो मुठीमुठीने टाकला. चार वाफे झाले आणि खत संपलं. आबा बांधावरच उभे राहतील, त्यांना हेच दिसतील, असं म्हणून तिने पाणी सोडलं. आपण आपल्याच कंबरेविरुद्ध काम करतोय हे तिला पाणी धरताना सुचलं आणि हसू आलं. पण वाईट वाटलं नाही.

आठवड्याने आबा काठी टेकत आले. बांधाजवळचे वाफे खरंच हिरवेगार झाले होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग मागे वळून त्यांनी सुनेकडे बघितलं. ती तेव्हा कंबरेवर हात ठेवून उभी होती. आबा फक्त हं म्हणाले आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन घरी आले. त्या दिवशी त्यांनी जेवण मागून घेतलं. सुनेला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

काढणी आली. कांदा तयार झाला की त्याची मान मऊ पडते आणि पात आपोआप आडवी होते. आबांच्या बहुतेक वाफ्यांत पात एकसारखी लोळली. बांधाजवळच्या वाफ्यांत मात्र ती ताठ उभी. पंपवाल्याने तिरक्या नजरेने बघून विचारलंच, आबा, यांच्या माना का पडत नाहीत?

"घराण्याच्या आहेत," आबा म्हणाले.

कांदा उपटला, शेतात सुकवला, पात कापली. आता निवडायचं काम. यात आबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जाड मानेचा, जोड, जखम झालेला कांदा ते चाळीत कधी जाऊ देत नसत. दरवर्षी त्यावरून सुनेला बोलणी बसायची, की डोळे आहेत की बटणं. त्या वर्षी त्यांनी निवडलंच नाही. पाट्या भरल्या तशा खणात ओतल्या, बांधाजवळचे जाड मानेचे कांदे आधी म्हणून खाली, बाकीचे वर. तिने विचारलं, तर म्हणाले, असू दे, तापाने हात चालत नाहीत. तिला पटलं. एक पाटी ओतली की त्यांना खरोखर बसावं लागत होतं.

पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली आणि चाळीतून वास आला.

सगळ्यात आधी तो शेजारणीला आला. शेजारीण ही अशी बाई होती की तिच्या घरात काय जळतंय ते तिला कळायचं नाही, पण दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते आधण ठेवायच्या आत कळायचं. ती नाकाला पदर लावून चाळीपाशी आली आणि कुणाचा सडतोय ते विचारायला लागली. पंपवाल्याने दोन्ही खणांत हात घातला. त्याच्या खणातले थोडे कांदे टोकाला कोंबारले होते, पण कोरडे होते. आबांच्या खणात हात खाली गेला तो बुळबुळीत होऊनच वर आला.

पंपवाला खूश झाला आणि खूश झाल्याची त्याला थोडी लाजही वाटली. ती लाज झाकायला त्याने शेजारणीला व्याख्यान द्यायला सुरुवात केली. एक सडका कांदा चिरून दाखवला. म्हणाला, ही मान बघा किती जाड, ही मिटलीच नाही, इथूनच सड आत गेली. कांदा पोसायला लागल्यावर युरिया दिला की हे असंच होतं. तसा मी कधी देत नाही, माझं सगळं आधीच देऊन होतं. पण आबांनी तर युरियाला हातच लावलेला नाही, म्हणजे हा दोष शेणखताचा, दुसऱ्या कुणाचा नाही.

सून पलीकडे वैरण टाकत होती. तिच्या हातातली पेंढी तशीच राहिली. बाईसाहेबांनी ती ओढून घेतली तरी तिला कळलं नाही.

तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिने तोंड उघडलं नाही तर सगळं तिच्या मनासारखंच होणार होतं. म्हैस जाणार, उकिरडा बुजणार, पुढच्या वर्षी पाटी नाही, बांध नाही, तेल लावून घेणं नाही. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तिला सवयच होती. आबाही काही बोलत नव्हते. हरलेला माणूस चिडतो, कारणं सांगतो. आबा सकाळी उठून म्हशीची पाठ खरारत होते, आणि आता नेहमीपेक्षा जास्त वेळ.

दोन दिवसांनी जनावरांचा दलाल आला. बोलका गडी होता. म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तब्येत चांगली ठेवलीय हो. मग त्याने तिचं तोंड उघडून दात बघितले. बाईसाहेबांनी त्याच्या सदऱ्याला नाक पुसलं. पंपवाला दावं सोडायला वाकला. आबा गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या हातात खरारा तसाच होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

तो खरारा बघून सुनेला राहवलं नाही.

"दावं सोडू नका," ती म्हणाली. "आबांच्या वाफ्यांत युरिया मी टाकला होता. ते तापात होते तेव्हा."

पंपवाला वाकलेला तसाच राहिला. मग त्याने विचारलं, कधी टाकलास. ती म्हणाली, कांदा पोसायला लागला होता तेव्हा, पोत्यात उरला होता तेवढा, बांधाजवळच्या चार वाफ्यांत.

"अगं, पण का?"

"पीक पिवळं पडलं होतं. आणि मी यांना रोज हिरवं म्हणून सांगत होते."

दलाल एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. मग आबा म्हणाले, "मला माहीत होतं."

ते खांबाजवळच्या दगडावर बसले. म्हणाले, बांधावर उभा राहिलो तेव्हाच कळलं. चार वाफे गर्द हिरवे आणि पाचव्यापासून पिवळे. शेणखत असं रेघ ओढून काम करत नाही.

"मग बोलला का नाहीत?" पंपवाल्याने विचारलं. "आणि ते कांदे वेगळे का नाही काढलेत?"

आबांनी मुलाकडे बघितलं नाही. ते सुनेशी बोलले.

"मला वाटलं, तुला पाटी उचलवत नाही. आणि मला सांगायची तुला सोय नाही. म्हणून तू मुद्दाम माझा कांदा बिघडवलास. म्हटलं, पोरीला एवढ्या थराला जावं लागलं, तर चूक माझी आहे. मग हरतो मी."

सून बघतच राहिली. काढणीच्याही आधीपासून, इतके महिने हा माणूस आपल्याला घरभेदी समजत होता, आणि तरी आपल्या हातचं जेवून ताट बाजूला ठेवताना दर वेळी पोट भरलं म्हणत होता. एका शब्दाने त्याने आपल्याला टोचलं नव्हतं. तिला रडू आलं. आणि त्याच दमात रागही आला, इतका की आजवर या घरात कधी आला नव्हता.

"कंबर मोडतेय हे दिसत होतं तर पाटी उतरवायची होती," ती म्हणाली. "वर्षभर तुम्ही दोघं खताखतातला फरक शोधताय. पोतं गाड्यावरून येतं आणि शेण माझ्या डोक्यावरून जातं, एवढा फरक कुणाला दिसला नाही."

दलालाने म्हशीच्या पाठीवरचा हात हळूच काढून घेतला. म्हणाला, मी पुन्हा कधीतरी येतो, घाई नाही. आणि तो गेला. त्याला वाटेत गाठायला शेजारीण आधीच फाटकाशी उभी होती.

पंपवाल्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, गाडा त्या बांधावरून जाणार कसा? बांध आहे केवढा? पण म्हणता म्हणताच त्याला कळलं, की हे तो वर्षभरात एकदाही मोजायला गेला नव्हता. गाडा आपण बनवला, बांधही रोज बघितला, दोन्ही एकत्र मनात आलं नाही. पोत्यासाठी गाडा आणि शेणासाठी बायको, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. तो म्हशीचं अर्धवट सुटलेलं दावं पुन्हा बांधायला लागला.

दुपारी तिघांनी मिळून आबांचा खण उपसला. जाड मानेचे बाहेर, बारीक मानेचे आत. उलटीपालटी करताना हळूहळू दिसायला लागलं. सडलेला जवळजवळ प्रत्येक कांदा जाड मानेचा होता. बाकीच्या वाफ्यांतला कांदा आकाराने लहान, पण टणक, हातात खुळखुळेल एवढी कोरडी साल. सडक्यांचं पाणी लागलेल्यांची वरची सालं काढली की आत चकचकीत. पंपवाल्याने त्यातला एक उचलला, आपल्या खणातला एक आणला आणि दोन तळहातांवर दोन धरले. त्याचा चांगला दीडपट मोठा होता. त्याच्या टोकाला हिरवा कोंबही होता.

"या वर्षी निकाल नाही," तो म्हणाला. मग दोन्ही कांदे खाली ठेवत म्हणाला, की पुढच्या वर्षी तळाला शेणखत घालू, वरून थोडा युरिया, पण रोपं लहान असतानाच. आबा म्हणाले, बघू. आबांचं बघू म्हणजे हो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सून मात्र कांदे निवडत राहिली. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो जावा अशी तिला घाईही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीची पाठ कुणी खरारलेली नव्हती. आबांचं अंथरूण रिकामं होतं. सून त्यांना बघायला शेताकडे गेली तर लांबूनच कुदळीचा आवाज आला.

आबा बांधाला लागून असलेला वाफा कापत होते. सगळ्यात चांगला, सगळ्यात पोसलेला. त्यात आजवर त्यांनी कुणाचा पाय पडू दिला नव्हता. ते दोन घाव घालायचे, काठीवर टेकावं तसे कुदळीवर टेकून दम घ्यायचे, मग पुन्हा दोन घाव. सुटलेली माती पायाने बांधाच्या कडेला दाबत होते. ती मदतीला पुढे झाली तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, गाडा घेऊन ये. रिकामा नको.

गाडा पंपवाल्याने भरला. उकिरड्यात तो आजवर असा कधी उतरला नव्हता. त्याने नाक मुरडलं, बायकोकडे बघितलं आणि नाक सरळ केलं. गाडा तोच ओढत निघाला. सून मागून चालत होती. सवयीने तिने पाटीखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ उचलून आणली होती, आणि आता ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने ती गाड्यावरच टाकली.

बांधावर चढताना एक चाक कडेवरून घसरलं. माती ढासळली, गाडा कलला आणि थोडं खत वाफ्यात सांडलं. पंपवाल्याने जोर लावून तो सावरला. आबांचं तोंड उघडलं. वाफा सांभाळ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

"पुरतो का?" त्यांनी सुनेला विचारलं.

तिने बांधाकडे बघितलं. पुरतो म्हणून टाकायचं असं तिच्या मनात आलं, कारण म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता. हिरवं आहे असं सांगताना आलं होतं, अगदी तसंच मनात आलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून वीतभर हवा."

आबांनी मान हलवली, तळहातावर थुंकून कुदळ धरली आणि अजून वीतभर वाफा कापायला घेतला.